साडेचारशे खांब आणि फळ एकही नाही

माझी सगळी नोकरी भेसळ उपटण्यात गेली. असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, मी दुधात पाणी पकडणाऱ्या खात्यात होतो. पुतणीच्या सोयरिकीच्या बैठकीत मुलाच्या मामानं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं होतं, "मंग वरची कमाई बरी असंल न्हाई का?" त्या माणसाला काय सांगू, माझ्या वरच्या कमाईत उन्हानं करपलेली मान आणि सापाच्या भीतीनं घातलेले गमबूट एवढंच होतं.

मी जालन्यातल्या एका बियाणं कंपनीत सुपरवायझर होतो. एक्क्याऐंशी साली लागलो. बाहेरच्या वाचकासाठी हे काम थोडक्यात सांगतो. संकरित कपाशीचं बी शेतकऱ्याच्या रानातच तयार करावं लागतं. कंपनी त्याला दोन जातींचं बी देते. एक नर, एक मादी. मादीच्या चार-पाच ओळी, मग नराची एक ओळ. संध्याकाळी बायका मादीच्या उद्या उमलणाऱ्या कळ्या नखानं सोलतात, आतलं तिचं स्वतःचं केसर काढून टाकतात. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल तोडून त्याचं पीठ, म्हणजे पराग, त्या सोललेल्या फुलावर फिरवतात आणि खूण म्हणून देठाला दोरा बांधतात. याला सगळा जिल्हा क्रॉसिंग म्हणतो. शिकलेले लोक त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे, पण इथं कुणी म्हणत नाही.

यात माझं काम काय? पिकात फिरायचं आणि वेगळं दिसणारं झाड दिसलं की उपटायचं. पान जरा रुंद, उपट. फुलाचा रंग जरा पिवळा, उपट. उंची जास्त, उपट. शेतकरी मागून हात जोडत यायचे, "सायेब, चांगलं भरेल झाड हाये, राहू द्या की." मी ऐकायचो नाही. एक भेसळ झाड राहिलं तर सगळ्या प्लॉटचं बी नापास होतं. भेसळीवरून माझा एकही प्लॉट कधी नापास झाला नाही, हे मी अजूनही छाती पुढं काढून सांगतो. बायको म्हणते, जेवणाच्या ताटातसुद्धा तुम्ही भातातले खडे काढता तेव्हा चेहरा तसाच होतो.

आष्टीच्या एका शेतकऱ्याचा किस्सा मी वीस वर्षं सांगत आलो. भला माणूस. पहिल्यांदाच प्लॉट घेतलेला. मी पंधरा दिवसांनी गेलो तर नराच्या सगळ्या ओळी गायब! मी डोक्याला हात लावला. "अहो, नर कुठं गेला?"

तो शांतपणे म्हणाला, "कंपनी नराच्या सरकीला इचारत न्हाई ना? मंग जागा कशाला अडवायची? काढून टाकला. तिथं मिरची लावली."

जालन्याच्या ऑफिसात हा किस्सा मी नक्कल करून सांगायचो. लोक हसून हसून खुर्चीवरून खाली यायचे. मिरचीपाशी आलो की मी जरा थांबायचो, म्हणजे हशा जास्त मिळायचा.

दुसरा एक किस्सा मात्र मी ऑफिसात कधी सांगितला नाही. भोकरदनकडं एका गावात प्लॉटला लागूनच एका म्हातारीचं घर होतं. अंगणात देवकापसाचं झाड. त्याच्या वाती करून ती देवळात द्यायची. नियम असा की प्लॉटच्या आसपास दुसरी कुठलीच कपाशी नको, मधमाश्या तिचं पीठ इकडं आणतात. मी म्हातारीला नियम समजावला. तिला तो समजला नाही, आणि समजायचं कारणही नव्हतं. शेवटी मी गड्याला कुऱ्हाड आणायला लावली. फांद्या पडल्यावर म्हातारीनं त्यातली पिकलेली बोंडं तेवढी वेचून पदरात घेतली आणि ती आत गेली. त्या प्लॉटचं बी अव्वल निघालं. मला अजून वाईट वाटतं. झाडाला कापडी जाळी बांधली असती तरी भागलं असतं, हे मला पाच वर्षांनी सुचलं.

तेव्हा माझ्याबरोबर कौसाबाई होती. ती आमच्याच गावची, वाटूरजवळची. क्रॉसिंगच्या बायकांची मुकादम. तिच्या हाताखाली पंचवीस-तीस बाया असायच्या, आणि कुणाच्या हातचं फूल गळणार हे ती दोरा बांधण्याच्या पद्धतीवरून ओळखायची. मला सगळे सायेब म्हणायचे, तीही म्हणायची, पण तिच्या तोंडी तो शब्द जरा वेगळा लागायचा. कुणीतरी हट्टी पोराला राजे म्हणावं, तसा.

नोकरी मी मुदतीच्या आधी सोडली. कारण फवारणी. बियाण्याच्या प्लॉटवर आठवड्याला फवारा बसतोच. वीस वर्षं तो वास नाकात. डोकं असं धरायचं की मी जीपमध्ये आडवा व्हायचो. आणि आपल्याला जीपमध्ये आडवं होता येतं, त्या बायांना दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओल्या पानांत हात घालावा लागतो, हे दिसत होतंच. सोडताना मी बायकोला, सुशीलेला, सांगितलं, "आता स्वतःच्या रानात फवारणीचं औषध येऊ देणार न्हाई. फळ तोडायचं, धोतराला पुसायचं, खायचं."

"तुम्ही धोतर कुठं नेसता?" ती म्हणाली. पण तिला पटलं होतं.

आता असं कुठलं पीक आहे, ज्याला फवारणी लागत नाही? मोसंबीला लागते. द्राक्षाचं तर नावच नको. पुण्याच्या एका प्रदर्शनात मी ड्रॅगन फ्रूट पाहिलं. दोन हजारच्या पुढची ही गोष्ट, तेव्हा आपल्याकडं ते कुणाच्या गावीही नव्हतं. निवडुंगाच्या कुळातली वेल. पाणी कमी, कीड फारशी नाही, शेणखत दिलं की खूश. फळ बाहेरून असं रंगीत की लग्नाच्या मांडवात टांगावं. कापलं, खाल्लं. चव म्हणाल तर सभ्य. कुणाचं मन न दुखावणारी. पण माझं मन जडलं ते त्या वेलीवर. हिला औषध न मारता जगवता येईल, एवढंच डोक्यात घेऊन मी घरी आलो.

घरी आमचे थोरले भाऊ. जमीन एकत्र, आणि कारभार त्यांचा. मोसंबीतला दर्दी माणूस. झाडाला पाण्याचा ताण किती दिवस द्यायचा हे ते जिभेवर माती ठेवून सांगायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बापू, तू निवडुंगाला शेणखत घालणार?"

"हो."

"अन् ठिबकनं पाणी?"

"हो."

"नोकरीत ऊन लई लागलं तुला."

तरी त्यांनी विहिरीजवळचं एक एकर दिलं. चांगलं, काळ्याला मुरूम लागलेलं रान. अट एक. दुसऱ्या पावसाळ्यात पोळ्यापर्यंत फळ दिसलं पाहिजे. नाही दिसलं, तर खांब काढायचे आणि तिथं मोसंबी. आणि पुन्हा या रानात माझा कुठलाच प्रयोग नाही. भाऊ चिडून बोलले असते तर मी भांडलो असतो. ते शांतपणे बोलले, म्हणून मी मान हलवली.

साडेचारशे सिमेंटचे खांब पुरले. प्रत्येकाच्या डोक्यावर सिमेंटची गोल चकती. खाली चार कांड्या. हातभर लांबीची कांडी मातीत खोचायची, ती खांबाला धरून वर चढते आणि चकतीवरून खाली लोंबते. वाटूर फाट्यावरून येणारे-जाणारे गाड्या थांबवायचे. एकानं विचारलं, इथं टॉवर होणार का? एका गुरुजींनी दारात काटेरी झाड लावल्यानं घरात भांडणं लागतात असं समजावलं. मी म्हटलं, घरात भांडणं आधीपासून आहेत, झाडावर कशाला ढकलायचं? एक बाई तर मुलाच्या गालगुंडावर निवडुंगाचा चीक मागायला आली. चीक निघत नाही म्हटल्यावर, "मंग उपयोग काय याचा?" असं म्हणून गेली. प्रश्न रास्त होता.

कांड्या दूरच्या एका रोपवाटिकेतून आल्या होत्या. तीन-चार महिन्यांनी फुटवे आले तसा मी रोज सकाळी ओळीतून फिरायला लागलो. आणि एके दिवशी माझे डोळे चमकले. बहुतेक कांड्या पांढुरकी पूड लागल्यासारख्या दिसत होत्या. पण मधूनमधून काही वेगळ्या होत्या. हिरव्यागार, कडेला तपकिरी किनार. भेसळ!

खरं सांगतो, मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी हाताला ओळखीचं काम लागलं. कौसाबाई आणि दोन बाया खुरपणीला होत्या. त्यांना घेऊन मी ओळीनं निघालो. दोन दिवसांत वीस-बावीस कांड्या उपटल्या. जागा भरून काढायला मूळ जातीच्या कांड्या लावल्या.

कौसाबाई म्हणाली, "सायेब, जित्तं झाड हाये. एका बाजूला राहू द्या की."

"कौसाबाई, तुम्ही पंधरा वर्षं माझ्या प्लॉटवर होता. भेसळ ठेवतात का?"

"न्हाई ठेवत," ती म्हणाली. "टाकते नाल्यात."

त्या दिवसापासून माझी बाग शंभर टक्के शुद्ध झाली. मी भाऊंना मुद्दाम नेऊन दाखवणार होतो, पण ते त्या रानात पाय ठेवत नव्हते. बांधावरूनच बघायचे.

दुसऱ्या वर्षी आषाढात पहिल्या कळ्या आल्या. फूल रात्री उमलतं, वीतभर लांब, पांढरं शुभ्र, आणि ऊन चढलं की मिटतं. सुशीलेनं पहिल्या फुलाला हळदकुंकू वाहिलं. तीन दिवसांनी फुलाचा देठ पिवळा पडला. पाचव्या दिवशी फूल खाली. पहिल्या बहराची साठ-सत्तर फुलं, सगळी जमिनीवर. मी म्हटलं, पहिलटकरीण आहे, होतं असं. श्रावण लागता लागता दुसरा बहर आला, दोनशेच्या वर फुलं. पाचव्या दिवशी सगळी खाली. सुशीला रोज सकाळी टोपली घेऊन ती वेचायची आणि मला दिसू नये म्हणून खताच्या खड्ड्यात टाकायची.

मी काय नाही केलं? पाणी कमी केलं, वाढवलं. शेण, गोमूत्र, गूळ कालवून दिलं. निंबोळीचा अर्क दिला. ताक दिलं. रोपवाटिकेला फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "आमच्याकडं तर येतात फळं." पोळा तीन आठवड्यांवर आला. तिसऱ्या बहराच्या कळ्या दिसायला लागल्या आणि भाऊंनी मोसंबीची कलमं सांगून ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. मला त्यांनी सांगितलंही नाही. सुशीलेला वहिनींकडून कळलं.

वाटूरला औषधाच्या दुकानात मी गेलो. दुकानदार माझ्या नोकरीतल्या ओळखीचा. त्यानं सगळं ऐकलं आणि एक बाटली काउंटरवर ठेवली. "बापूसाहेब, एक हात मारा. फूल गळणार न्हाई, आपली ग्यारंटी. बागायतवाले सर्रास मारतात."

"माझं सेंद्रिय आहे."

"फळच न्हाई, मंग सेंद्रिय काय हाये तुमचं? खांब?"

मी बाटली घेतली. घरी सांगितलं नाही. दोन दिवस ती मोटारीच्या खोलीत स्टार्टरच्या पेटीमागं होती. मनाला समजावत होतो की एकदाच मारायचं, फळ धरू द्यायचं, भाऊंचं समाधान होऊ द्यायचं, पुढच्या वर्षीपासून पुन्हा शुद्ध. शुद्ध हा शब्द माझ्या तोंडी तेव्हाही होता, बघा.

कळ्या फुगल्या. एक-दोन दिवसांत उमलणार. भल्या सकाळी मी पंपात पाणी घेतलं, बाटलीचं झाकणभर औषध ओतलं, ढवळलं. तोच वास. पंप पाठीला अडकवून पहिल्या ओळीपाशी आलो तर समोर कौसाबाई, हातात खुरपं. पंप बघून ती थांबली.

"काय मारून राह्यले सायेब?"

"काही नाही. ताकाचं पाणी."

"ताकाला असा वास येतो का?" ती म्हणाली. "तीस वर्षं ह्यो वास खाल्लाय मी."

मला राग आला. पकडला गेलेल्या माणसाला येतो तसाच. "मग काय करू, कौसाबाई? आठवड्यानं पोळा, तो झाला की खांब निघणार. तुम्हाला काय, खुरपणी इथं नाही तर दुसरीकडं!"

तिनं खुरपं कमरेला खोचलं आणि एका मोठ्या कळीजवळ गेली. मागच्या बहरातलं एक वाळकं फूल चकतीवर अडकलं होतं, ते तिनं घेतलं, उभं फाडलं आणि मला दाखवलं. "हे पीठ बघा, एवढं हाये. अन् मादी बघा, फळालाच आली न्हाई. म्हणजे हिला हे पीठ चालंना. घरचंच हाये ना सगळं. हिला दुसरा नर पाहिजे. क्रॉसिंग पाहिजे, सायेब. एवढं तुम्हाला कळंना?"

मी वीस वर्षं नर-मादी केलेला माणूस. आणि समोर साडेचारशे खांब एकाच जातीचे, एकाच रक्ताचे. माझ्याच हातानं केलेले. आष्टीच्या त्या शेतकऱ्यानं निदान मिरची तरी लावली होती.

"दुसरा नर आता कुठून आणू?" मी म्हटलं. "ज्या होत्या त्या कांड्या तर नाल्यात टाकल्या आपण."

कौसाबाईनं पदर सारखा केला. "सगळ्या न्हाई टाकल्या."

"म्हणजे?"

"तीन घरी नेल्त्या. न्हाणीच्या भिंतीला लावल्या. त्या जातीला घरचंच पीठ चालतं, एक फळ लागेल हाये. पिकायला आलंय."

पंप पाठीवर तसाच होता. पट्टे खांद्यात रुतत होते. सुटलो असं वाटलं, पण तोंडातून भलतंच निघालं. ओरडलोच. "मग दोन महिने फुलं गळून राहिली तेव्हा तोंडाला काय झालं होतं? सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही येऊन ते पण उपटलं असतं," ती म्हणाली. "त्या म्हातारीचा देवकापूस कुऱ्हाडीनं तोडायला लावला तेव्हा मी तिथंच उभी होती."

मी पंप उतरवला. ते पाणी विहिरीपासून लांब, मुरमाड उतारावर रिकामं केलं. तेवढंच त्या दिवशी धड केलं.

मग तिच्या घरी गेलो. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर, मागं न्हाणी. न्हाणीच्या भिंतीवरून तीन वेली वर गेलेल्या. ना खांब, ना ठिबक, ना शेणखत. अंघोळीचं पाणी तेवढं. आणि भिंतीच्या टोकाला ते लालबुंद फळ. शेजारी तीन-चार कळ्या, माझ्या बागेतल्या इतक्याच फुगलेल्या. कौसाबाईच्या सुनेनं चहा दिला. मी चहा घेत त्या फळाकडं बघत होतो आणि मला हसू यायला लागलं. साडेचारशे खांबांवर जे नाही ते न्हाणीवर! सून घाबरून सासूकडं बघायला लागली.

"कौसाबाई, ही फुलं मला देता का?"

"देते. पण एक सांगून ठेवते. यापुढं माझ्या हातानं काय फेकायचं असंल तर आधी मला इचारायचं."

"बरं."

"बरं न्हाई. कबूल म्हणा."

"कबूल."

फुलं पोळ्याच्या सहा दिवस आधी उमलली. पहाटे साडेपाचला कौसाबाई आली, बरोबर क्रॉसिंगच्या जुन्या पाच बाया. स्टीलच्या डबीत तिच्या घरच्या चार फुलांचं पीठ, पिवळं धमक. मी नातवाचा रंगाचा ब्रश आणला होता. तिनं तो बाजूला ठेवला. "बोटच चांगलं. बोटाला कळतं." सहा बाया सहा ओळींत शिरल्या. बोट डबीत, बोट फुलाच्या मधोमध, देठाला लाल दोरा, पुढं. कापसाच्या फुलापेक्षा हे दसपट मोठं, त्यामुळं त्यांना ते काम पोरखेळ वाटत होतं. "एवढं सोपं असतं तर आम्ही म्हातारपणीच कामाला लागलो असतो," एक जण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. सुशीला चहाची किटली घेऊन त्यांच्यात मिसळली आणि तिनंही आठ-दहा फुलांना बोट लावलं. ऊन येईपर्यंत शंभरावर फुलं झाली. मी सवयीनं एक ओळ तशीच सोडायला लावली. दोरा नाही, पीठ नाही. कशानं काय झालं हे नंतर कळायला हवं ना.

मग वाट बघणं. तिसऱ्या दिवशी मी बागेत गेलो नाही. चौथ्या दिवशी गेलो, पण पहिल्या ओळीवरून परत आलो. सुशीला म्हणाली, "अहो, बघून तर घ्या." मी म्हटलं, बघितल्यानं काय फळ धरतं का? पोळ्याला बैल सजवले, गावातून मिरवले, पुरणपोळी खाल्ली. भाऊ शेजारीच जेवत होते. त्यांनी कलमांचा विषय काढला नाही, आणि मीही नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाईनंच घराबाहेरून हाक मारली. "सायेब, चला. का मी एकटीच बघू?"

आम्ही गेलो. आधी तिनं बिनदोऱ्याच्या ओळीकडं नेलं. बरीच फुलं खाली, राहिलेल्यांचे देठ पिवळे, बोट लावलं की फूल हातात. एकही टिकलेलं नव्हतं. मग दोऱ्याची ओळ. पहिलं फूल वाळून लोंबत होतं, पण त्याच्या बुडाची गाठ हिरवी. हिरवीगार, टणक, लिंबापेक्षा जरा मोठी. दुसरं हिरवं. तिसरं हिरवं. एक पिवळं निघालं तेव्हा मी कौसाबाईकडं वळलो. "ते तुमच्या सुशीलाबाईचं हाये," कौसाबाई म्हणाली, "दोऱ्यावरून कळतं." पुढं पुन्हा हिरवं, हिरवं, हिरवं. मी ओळीमागून ओळ पळत होतो. या वयात, गमबूट घालून.

तेवढ्यात रस्त्यावर टेम्पो थांबला. मोसंबीची कलमं. मागून भाऊ आले. बांधावर उभे राहून त्यांनी आमच्याकडं पाहिलं आणि मग बांध ओलांडून आत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"दोरे कशाचे हायेत?"

मी सांगायला लागलो. नर, मादी, भेसळ, माझी चूक, सगळं एकदम. काय बोललो ते माझं मलाच कळलं नाही. भाऊ ऐकत ऐकत एका गाठीपाशी वाकले. अंगठ्यानं दाबून पाहिली. मोसंबीचं फळ बघतात तसं तिच्याभोवती बोट फिरवलं. मग बिनदोऱ्याच्या ओळीत गेले, एका फुलाला हात लावला, ते गळून पडलं. परत दोऱ्याच्या ओळीत आले. मला त्यांनी काहीच विचारलं नाही. कौसाबाईला विचारलं.

"टिकतील का?"

"सहा दिवस टिकलं म्हणजे धरलं, भाऊ. आता न्हाई पडत."

टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. "कलमं इथंच उतरवू ना?"

"इथं न्हाई," भाऊ म्हणाले. "विहिरीच्या पल्याड ने."

"तिथं तर तूर उभी हाये तुमची. गुडघ्याला लागली."

"तूर माझी हाये. मी बघतो काय करायचं ते."

ते टेम्पोकडं निघून गेले. मी होतो तिथं, खांबाच्या बुडाशी, चिखलात बसलो आणि रडलो. लाजबिज काही वाटली नाही. वीस वर्षांत प्लॉट पास झाल्यावर मी कधी रडलो नव्हतो. मनावरचा धोंडा उतरला म्हणतात, तो असा उतरतो हे त्या दिवशी कळलं.

कौसाबाई जवळ आली.

"रडा सायेब, पोटभर रडा," ती म्हणाली. "पण जरा इकडं सरकून. ठिबकच्या नळीवर बसून राह्यले तुम्ही. झाडाला पाणी जाऊन न्हाई राह्यलं."

मी सरकलो.